लाल दांडा

शनिवार, १४ ऑक्टोबर २०२३, तुळजापूर

पुण्याहून सकाळी घरी आलो. आईनं दारातच विचारलं, "नोकरी गेली का काय रे?" गेली नाही. उलट सहा आठवडे इथं राहून काम करायचंय, तेही पगारी. उद्या घट बसणार, तुळजापुरात पाय ठेवायला जागा उरणार नाही आणि मी रोज मोटारसायकलवर गावोगाव हिंडणार, म्हणून तिचं तोंड वाकडं.

अमरनाथनं, म्हणजे आमच्या बॉसनं, बजावलंय की फील्डवर रोज टिपणं काढ. त्याला दाखवायची वही वेगळी. ही माझी. हिच्यात खरं लिहायचं.

तर खरं असं की मी इंटरॅक्शन डिझायनर आहे. माणसाचं आणि यंत्राचं जमत नसेल तिथं जमवून द्यायचं, हा माझा धंदा. सहा वर्षं मोबाइलवरची बटणं इकडून तिकडं सरकवत बसलो, वीट आला. आता पहिल्यांदा हातून वजनदार काहीतरी झालंय. हडंबा! पुण्यात हा शब्द कुणाला कळत नाही, मळणीयंत्र म्हणावं लागतं. ट्रॅक्टरमागं जोडायचा, तोंडातून सोयाबीनचं काड आत ढकलायचं, आत पोलादी दातांचा ड्रम फिरत असतो. काड ढकलता ढकलता हात आत गेला तर बाहेर येत नाही. शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या पोराच्या वडलांचा गेला होता. तो बाप्या डाव्या हातानं सही करायला आला होता, ते मी कधी विसरलो नाही.

मी हडंब्याला लाल दांडा बसवलाय. तोंडाच्या बरोबर वर, मधोमध, डोळ्यांसमोर. खाली ओढला की ट्रॅक्टर बंद, ड्रमला ब्रेक. दोन सेकंदांत. जिल्ह्यात बारा हडंब्यांना लावून झालाय. सोमवारी बेंबळीत बब्रुवानमामांच्या रानात दाखवायचंय.

सोमवार, १६ ऑक्टोबर

झकास झालं! बब्रुवानमामा स्वतः ट्रॅक्टरवर बसतात, त्यांचा मुलगा बजरंग तोंडाशी उभा राहून काड घालतो, सून शिवांजली आणि दुसऱ्या दोन-तीन बाया काड वाहून आणतात. मी मनगटाएवढा जाड बांबू आत घातला. ड्रमनं तो कडाकडा फोडून भुसकटात फेकला. बाया मागं सरकल्या. मग दुसरा बांबू घातला आणि दांडा ओढला. अर्धा बांबू शाबूत बाहेर आला.

बजरंग हसला. "भारी हाय की ओ, सर! आता झोपून काड घालताव." सव्वीसेक वर्षांचा आहे, सारखा हसतो.

त्याच्या बायकोचं मात्र समाधान होईना. "सायेब, ह्येंचा हात अडकल्यावर दांडा पुन्हा ह्येंनीच वढायचा व्हय? आमी बाया हिकडं उभ्या असताव. आमाला आदी दिसतंय. एक दोरी हिकडं सोडा की."

मी समजावलं की अडकलेल्या माणसाचा दुसरा हातच सगळ्यात जवळ असतो, आम्ही पुण्यात मोजून बघितलंय. "बरं," म्हणाली आणि काड आणायला गेली. आता कसं सांगणार, की वापरणाऱ्याला काय पाहिजे ते वापरणाऱ्याला कळत नसतं, ते कळायला आम्ही आहोत. याच विषयावर मी गेल्या वर्षी पाऊण तास भाषण ठोकलंय, टाळ्या पडल्या होत्या.

सोमवार, २३ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज यंत्रांची पूजा. सकाळपासून आमच्या 'लाल दांडा' या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतायत. बारापैकी बारा हडंबे धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून उभे. आणि गंमत म्हणजे सगळ्यांनी लाल कापडातला नारळ कुठं बांधला? माझ्या दांड्याला! कुणीही सांगितलेलं नसताना. बब्रुवानमामांचा तर बघत राहावा असा. दांड्यावर हळदीकुंकू, वर नारळ, त्याला लाल-पिवळा नाडा. मामांनी खाली लिहिलंय: 'आमच्या सूनबाईनं सात येढे दिले. कितीबी थरथरला तरी नारळ पडायचा न्हाय.'

डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. परकी वस्तू लोकांनी देवापाशी नेली, यापेक्षा मोठी पावती कुठल्या डिझायनरला मिळते? फोटो अमरनाथला पाठवला, त्यानं तो लगेच कंपनीच्या पानावर टाकला. आईलाही दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होती. "घट्ट बांधलाय हं," म्हणाली. मी म्हटलं, बघ तुझ्या लेकाची कामगिरी.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

बजरंगचा उजवा हात गेला. सकाळी साडेअकराला. मी कळंबकडच्या हडंब्यापाशी होतो. फोनवर नुसता बायांचा आरडाओरडा, त्यात "हात" एवढंच कळलं. दीड तासानं बेंबळीत पोचलो तोवर मथुरामावशी, म्हणजे त्याची आई, त्याला जीपमध्ये घालून सोलापूरला घेऊन गेल्या होत्या.

काड वाहणाऱ्या बायांत शांताक्का सगळ्यांत थोरली, पन्नाशीची. तिनं जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. "काडात हिरवा येल होता, दोरीवानी. बजरंगाच्या मनगटाला गुतला आन् आत वढला. कोपरापस्तोर गेला. आमी बोंबललाव, पर मामाला त्या आवाजात काय ऐकू येतंय! लेकरानं डाव्या हातानं दांडा धरला. दोनदा हिसका मारला बगा. हाललाच न्हाय. मग शिवा पळाली. ट्रॅक्टर आन् हडंब्यामधल्या फिरत्या शाफ्टाखालनं वाकून गेली, पदर गुतला असता तर तीबी गेली असती. ट्रॅक्टरवर चढून तिनं बंद केला."

मी दांडा बघितला. नाड्याच्या सात वेढ्यांनी दांडा वरच्या लोखंडी पट्टीला आवळून टाकला होता. नारळ जागचा हललेला नव्हता. तोंडाच्या पत्र्याला सदऱ्याची बाही चिकटली होती. बाही रिकामी नव्हती. मी बांधावर जाऊन ओकलो.

मामा दवाखान्यात गेले नव्हते. घण घेऊन हडंब्याला बडवत होते. पत्रा आत गेला, चाक वाकलं, तरी थांबेनात. मला बघितल्यावर घण घेऊनच अंगावर आले. दोघांनी धरलं म्हणून घण पडला, पण बुक्की बसली. ओठ फाटला, एक दात हलतोय. "तुजा दांडा! तुजा दांडा!" एवढंच ओरडत होते.

माझंही डोकं फिरलं. मी पण ओरडलो, "दांड्याला दोष नाही, मामा! दांडा बांधला कुणी? बांधला कुणी, ते सांगा ना!"

मामा वळून शिवांजलीकडं बघत राहिले. ती भुसकटाच्या ढिगाऱ्यावर बसली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, तिला स्वतःला काही लागलेलं नव्हतं. मामा बराच वेळ बघत होते. मला वाटलं, चला, डोकं तरी शांत झालं म्हाताऱ्याचं.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

बाकीच्या अकरा हडंब्यांवर नारळ तसाच आहे! हंगाम जोरात आहे. रात्रभर तेवढंच डोक्यात. सकाळपासून फोन लावत सुटलो: नारळ सोडा, आत्ताच्या आत्ता सोडा. आठ जणांनी सोडले. दोघं संध्याकाळी सोडतो म्हणाले. सोनारीकडचा कुमार म्हणाला, "दसऱ्याचा नारळ हाय सायेब, वरसाचा. भैरोबाच्या वाटंवर राहताव आमी. असा कसा सोडायचा?" आणि फोन ठेवला.

मी कोयता घेतला आणि निघालो. परंडा ओलांडून रानात पोचलो तर हडंबा चालू, एक पोरगा काड घालतोय, मनगट तोंडापासून वीतभर. मी ट्रॅक्टर बंद केला, कुणाशी एक शब्द न बोलता गेलो आणि कोयत्यानं नाडा कापला. नारळ खाली दगडावर पडून फुटला.

मग झोडपलं मला. चार जण होते, काठ्या होत्या. पाठीवर, मांडीवर, डोक्यावर हात धरले तर हातांवर. एकानं तोंडात भुसकट कोंबलं. कुमारनंच शेवटी सगळ्यांना मागं ओढलं. मला उठवून बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "इचारून सोडला असता की ओ, सायेब. तुमी बजरंगाचं सांगितलं असतं तर म्याच सोडला असता. नारळ ठिवायला जागा का कमी हाय हडंब्यावर?"

घरी आलो. आईनं हळद गरम करून पाठीला लावली. लावता लावता म्हणाली, "नारळ तिथं बांधणारच की रे. नव्या वस्तूच्या कपाळाला नाही बांधायचा तर कुठं बांधायचा? त्यात तू लाल रंग दिलास. मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं."

समोर भाताचं ताट होतं, ते मी भिंतीवर फेकलं. "तू डिझायनर आहेस का?" असं आईला म्हणालो. ती वाकून शितं गोळा करत राहिली. मला लाज वाटली, पण माफी मागवेना.

रविवार, २९ ऑक्टोबर

अमरनाथचा फोन. बजरंगची चौकशी केली, बरोबर अर्धं मिनिट. मग म्हणाला, "दांड्यात दोष होता का नव्हता, एका शब्दात सांग." नव्हता. नारळ सोडलेल्या दुसऱ्या एका हडंब्यावर मी काल स्वतः दहा वेळा ओढून बघितला, दहाही वेळा चालला. "मग तसं लिहून दे. कुणी बांधला ते नावासकट लिही, मोघम नको."

दिवसभर बसून लिहिलं. मला फालतू इंग्रजी अहवालांचा राग आहे, म्हणून मराठीत, मोठ्या अक्षरात, शाळेतल्या पोरालाही कळेल असं: 'हडंब्याचे मालक बब्रुवान यांच्या सूनबाई शिवांजली यांनी खंडेनवमीच्या दिवशी दांड्याला नाड्याचे सात वेढे देऊन नारळ बांधला. त्यामुळे दांडा ओढता आला नाही. वीस सेकंदांनी ट्रॅक्टर बंद झाला. तोवर बजरंग यांचा हात गेला होता.' चार वाक्यं, एक शब्द जास्तीचा नाही. वाचून स्वतःच खूश झालो.

अमरनाथ म्हणाला, फाइलला ठेवून दे. मी म्हटलं, नाही, ग्रुपवर टाकणार. ज्यांनी वापरायचं त्यांच्यापासून लपवायचं नाही, हे माझं तत्त्व आहे. शिवाय बाकीच्यांनाही धडा मिळेल. टाकलं. चाळीस जणांनी वाचलं, एकानं नुसते हात जोडले. बब्रुवानमामांनीही वाचलेलं दिसतंय.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर, सोलापूर

बजरंगला भेटलो. हात कोपराच्या वर कापलाय. चेहरा पिवळा, तरी मला बघून हसायचा प्रयत्न केला, ते बघवलं नाही. मथुरामावशी उशाशी बसून होत्या. त्यांच्या तळहातावर, मनगटावर काचा घुसल्याच्या जखमा होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "बांगड्या फुटल्या." पण त्यांच्या हातात बांगड्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या. नव्या भरल्या असतील.

"वहिनी दिसत नाहीत?" मी विचारलं.

"म्हायेराला गेलीया."

मला रागच आला. नवरा असा पडलेला आणि ही बाई तीन वर्षांची पोरगी सासरी टाकून माहेरी जाऊन बसते, कमाल आहे! बजरंगही दाराकडं सारखा बघत होता. म्हणाला, "सर, म्या दांडा वढलो एवढं मला आठवतंय. मग बंद कुणी केला ओ ट्रॅक्टर?"

मावशीच मधे बोलल्या. "द्येवीनं केला. द्येवीनं वाचिवलं तुला."

मी काही बोललो नाही. आजारी माणसापुढं देवीवरून वाद कशाला.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

सकाळी शांताक्काचा फोन. अशा शिव्या मला आयुष्यात कुणी दिल्या नव्हत्या. माझी आई, माझं शिक्षण, माझा मोबाइल, काही सोडलं नाही. "तुजा त्यो कागद! शाळा शिकलेला मुडदा तू! जा, कळंबाला जाऊन बग पोरीला!"

गेलो. कळंबच्या अलीकडं वस्ती आहे, तिथं शिवांजलीच्या वडलांचं घर. ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. डावा डोळा मिटलेला, गालफाड सुजून काळं पडलेलं, उजवा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये. मी उभाच राहिलो, बस कुणी म्हटलं नाही.

तिनंच सांगितलं. आवाज न चढवता, गावचा रस्ता सांगावा तसं. रविवारी संध्याकाळी मामांनी शेजारच्या पोराकडून माझा कागद मोठ्यानं वाचून घेतला. दोनदा. मग पोराला बाहेर काढून दार लावलं. सासू त्या दिवशी दवाखान्यातून घरी आली होती, तिनं केस धरून पाडलं, तोंडात मारलं, हातातल्या बांगड्या फोडल्या. "मामा म्हनले, ज्या हातानं बांधलीस त्यो हात पाट्यावर ठिव. म्या ठिवना. मग आत्यानं धरला आन् मामानं वरवंटा घातला. तीन बोटं गेली." पोरगी, भैरवी, कोपऱ्यात उभी राहून बघत होती. सकाळी हिला एकटीलाच जीपमध्ये घालून इथं आणून टाकलं. पोरगी ठेवून घेतली. "हात खाल्लास आमच्या लेकराचा, आता पोर मागू नको, म्हनले. मला बाकी कायबी नको. मला भैरवी पायजे आन् ह्येंला एकडाव बगायचंय."

"पोलिसात जाऊ," मी म्हणालो. "मी येतो बरोबर."

"काय दावू पोलिसाला? तुमचा कागद? त्यात लिव्हलंय की, म्याच हात घालवला म्हनून."

बाहेर आलो. गाडीला लाथा घातल्या, आरसा फुटला, पायाचं नख निघालं. त्यानं काय होतंय? वीस सेकंदांनी ट्रॅक्टर बंद झाला, असं मी लिहिलं. झाला! आपोआप झाला जणू! शांताक्कानं मला सगळं सांगितलं होतं, या वहीत आहे. ही बाई फिरत्या शाफ्टाखालून गेली, नाहीतर बजरंग आख्खा आत गेला असता. बांधणारीचं नाव मी घातलं आणि वाचवणारीचं गाळलं. दोघी एकच होत्या. आणि दवाखान्यात बजरंगनं तोंडानं विचारलं, तरी मी गप्प बसलो.

अमरनाथला सांगितलं. म्हणाला, "मेसेज काढून टाक आणि त्या गावात पाय ठेवू नकोस, आपलं वाक्य आपल्यावरच उलटेल." मी त्याला शांताक्काच्या दोन शिव्या ऐकवल्या. नोकरीचं आता देवीलाच माहीत.

रविवार, ५ नोव्हेंबर

डावा कान ऐकत नाहीय. तरी आजचं आजच लिहायला पाहिजे.

बजरंगला काल घरी आणलंय. मी, शिवांजली आणि शांताक्का जीप करून बेंबळीला गेलो. निघण्याआधी शिवांजली एवढंच म्हणाली, "समद्यांपुढं बोलायचं. घरात बसून न्हाय." मी हो म्हटलं.

अंगणात जीप थांबली तशी आळीतली माणसं जमली. मामा ओसरीवरून उठले. शिवांजलीला बघून मथुरामावशींनी भैरवीला आत ओढलं. मी अंगणाच्या मधोमध जाऊन ओरडून बोललो.

"दांडा चुकीच्या जागी मी लावला! नवी वस्तू आली की नारळ तिथंच बांधणार, हे माझ्या आईला कळतं, मला कळलं नाही. ह्या बाईनं पहिल्याच दिवशी दोरी मागितली होती, मी तिला उडवून लावलं. दोरी असती तर हात राहिला असता. तिची चूक नाही, माझी आहे!"

मामांनी ट्रॅक्टरचा जुना रबरी पट्टा उचलला. पहिला फटका कानावर बसला. मी पडलो. उठलो आणि पुन्हा तेच बोललो. दुसरा मानेवर, तिसरा तोंडावर. मला पळायची फार इच्छा होती, शपथ. पळालो नाही, कारण जीपपाशी ती उभी होती आणि बघत होती. रक्त डोळ्यांत गेलं. माणसं मधे पडेनात. पाचव्या-सहाव्या फटक्याला पट्टा मामांच्या हातातून सुटला आणि ते स्वतःच खाली बसले. त्यांना धाप लागली होती.

"आन् ट्रॅक्टर कुणी बंद केला, त्ये बी सांग की!" शांताक्का ओरडली.

आतून बजरंग दारात आला होता. एका बाजूनं कलून, चौकट धरून. "कुणी केला?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "वहिनींनी. शाफ्टाखालून जाऊन. मला त्याच दिवशी कळलं होतं. दवाखान्यात तू विचारलंस, मी बोललो नाही."

बजरंगनं आईकडं बघितलं. "तू तर द्येवी म्हनलीस." मग त्याची नजर शिवांजलीच्या प्लास्टरवर गेली, डोळ्यावर गेली. तो आत वळला. आत भांडी पडल्याचा आवाज आला, मावशी "आरं, आरं" करत धावल्या. तो बाहेर आला तेव्हा डाव्या हातात पाट्यावरचा वरवंटा होता. मला वाटलं, आता बापाचं डोकं फोडतो. मामांनाही तेच वाटलं असणार, त्यांनी डोळे मिटून घेतले. बजरंग त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. मग त्यानं वरवंटा अंगणातल्या हौदावर भिरकावला. हौदाचा काठ फुटला, पाणी सगळीकडं पसरलं.

"भैरवे, चल," तो म्हणाला. पोरगी धावत आली आणि आईच्या पायांना मिठी मारून मोठ्यानं रडायला लागली. बजरंग स्वतःच चालत जाऊन जीपमध्ये बसला. चप्पलही घातली नाही.

मला बरं वाटलं. खोटं नाही लिहीत, रक्त गळत असताना मला छान वाटत होतं, मी काहीतरी मोठं केलं असं. शिवांजली माझ्याकडं यायला लागली तेव्हा वाटलं, आभार मानणार. मी म्हणायला तयार होतो, नको वहिनी, राहू द्या.

तिनं डाव्या हाताच्या उलट्या पंजानं माझ्या थोबाडीत मारली. ज्या कानावर पट्टा बसला होता त्याच कानावर, पूर्ण ताकदीनं. मी गुडघ्यावर आलो.

"माजं नाव लिव्हताना मला इचारला व्हतास का?" ती म्हणाली. पहिल्यांदाच अरेतुरे. मग भैरवीला काखेत उचलून जीपमध्ये बसली. मला घ्यायला जीप थांबली नाही.

बुधवार, ८ नोव्हेंबर, कळंब

सकाळी तिचा फोन आला. "उद्या ठाण्यात जायचंय. सासू-सासऱ्यावर तक्रार देताव. तुमचा नवा कागद पायजे. घेऊन या." पुन्हा तुम्ही. कसल्या आवाजात म्हणाली ते कळलं नाही, डाव्या कानानं अजून ऐकू येत नाही.

काल दिवसभर लिहून ठेवलंच होतं, दोन पानं. ते घेऊन गेलो. बजरंग ओसरीत आडवा पडला होता, डोळे मिटून. भैरवी त्याच्या पायांशी चिंध्यांची बाहुली घेऊन बसलेली. मी बाहेरच्या पायरीवर बसलो आणि वाचायला लागलो. "शिवांजली यांनी स्वतःच्या जिवाची पर्वा न करता..."

"थांबा," ती म्हणाली. "त्ये मागनं. दांडा तितं लावला कुणी, त्ये कुठंय?"

मी खाली बघितलं. दुसऱ्या पानावर होतं. "आहे. 'कंपनीने दांडा तोंडाच्या वर बसवला होता.'"

"कंपनीला हात असत्यात का?"

बजरंगनं डोळे उघडले. तीन दिवसांपूर्वी अख्ख्या गावासमोर ओरडून सांगितलं होतं आणि कागदावर येताना पुन्हा तोंड लपवलं. मुद्दाम नाही केलं. तसंच लिहायची सवय आहे. पण ठाण्यातल्या माणसाला माझी सवय माहीत नसणार. त्याच्या टेबलावर तिची बोटं, तिचा डोळा आणि हा कागद, एवढंच असणार.

दोन्ही पानं फाडली. त्यांच्याच घरातली वही मागून घेतली, शिवांजलीच्या भावाची असावी. पायरीवर बसून लिहिलं. मोठ्या अक्षरात. मग उजवा कान तिच्याकडं करून वाचलं.

"दांडा तिथं मी बसवला. शिवांजलीबाईंनी मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. बजरंगचा हात माझ्या चुकीनं गेला. मग मी शिवांजलीबाईंचं नाव घालून खोटा कागद लिहिला आणि सगळ्यांना वाचायला दिला. तो वाचूनच त्यांचा हात ठेचला गेला."

मी खाली मान घालून बसलो. वाटलं, आता कागद ओढून घेणार, किंवा पुन्हा मारणार, किंवा रडणार.

"आदी नाव लिव्हा तुमचं. पुरं. बापाच्या नावासकट," ती म्हणाली. "मग म्होरं वाचा."